डब्बा बोलंना तेव्हा

आमच्या चारठाण्याला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा जुनी मंदिरं आणि बारव बघायला, नाहीतर तो उंच कोरीव दगडी स्तंभ कॅमेऱ्यात धरायला. मी मात्र मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मामांच्या किराणा दुकानात बसून होतो. गल्ल्याशेजारी क्यूआरचा कागद चिकटवलेला, आणि त्याच्या बाजूला पैसे आले की मोठ्यानं सांगणारा तो छोटा डब्बा.

एका माणसानं तेल, साखर, चहापत्ती घेतली. 340 रुपये झाले. त्यानं स्कॅन केलं, पिन टाकला आणि म्हणाला, "कटले बघा मामा." मामांनी डब्ब्याकडं बघितलं. डब्बा गप्प. "कटले असतील रे बाबा, पण डब्बा बोलंना की." त्या माणसानं मोबाईल पुढं केला, काचेवर नुसतं चक्र फिरत होतं. मागं चार जण उभे. तीन मिनिटं कुणाचंच काही होईना. मग डब्बा बोलला आणि रांग हलली.

ती तीन मिनिटं मला फार ओळखीची वाटली. माझं पोटापाण्याचं काम पुण्यात, आणि ते नेमकं याच जागेवरचं. एकीकडून माहिती अखंड वाहत येत असते, दुसरीकडं विचारल्याशिवाय न बोलणारी एखादी दूरची सेवा असते, आणि या दोघांचा सांधा आम्ही बसवतो. पाइपलाइन फुटते ती बहुतेक वेळा जोडावर. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे, आणि या सांध्याबद्दल मराठीत कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी वाहणाऱ्या माहितीबद्दल. काही घडलं की त्याची एक ओळ लिहायची: कुणी पैसे दिले, कुठं पाऊस पडला, कोणती एसटी स्थानकातून सुटली. ओळीखाली ओळ, घडेल त्या क्रमानं. लिहिलेलं खोडायचं नाही, मधे काही घुसडायचं नाही. ही वही वाचणारे अनेक असतात, आणि प्रत्येकानं आपण कुठपर्यंत वाचलं याची खूण स्वतःची स्वतः ठेवायची. एक वाचक मागं पडला तर दुसऱ्याचं काही अडत नाही. अशी वही चालवणारी आज जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी यंत्रणा म्हणजे काफ्का. लिंक्डइन या कंपनीत 2010 च्या सुमारास जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी ती उभी केली आणि 2011 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. नारखेडे पुण्याच्या, पुणे विद्यापीठात अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेलेल्या. 2014 मध्ये याच तिघांनी काफ्काभोवती कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. पुण्यात शिकलेल्या बाईचा हात या यंत्रणेच्या पायात आहे हे मी आमच्या तालुक्यातल्या मुलींना प्रत्येक वेळी सांगतो.

वहीतल्या ओळी येतील तशा वाचत त्यांच्यावर तिथल्या तिथं काम करत राहणं, म्हणजे गाळणं, बेरजा करणं, जोड्या लावणं, याला स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणतात. मी त्याला प्रवाह म्हणेन.

दुसरी तऱ्हा हाकेची. एका यंत्रानं दूरच्या दुसऱ्या यंत्राला विचारायचं, "या खात्यात पैसे आहेत का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. याला रिमोट प्रोसिजर कॉल, आरपीसी म्हणतात. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ही कल्पना नीट बांधून दाखवली. त्यांचा गाजलेला निबंध 1984 चा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दूरच्या यंत्राशी बोलणं हे आपल्याच यंत्रातलं काम करून घेण्याइतकं सोपं वाटावं, असा त्यांचा हेतू होता. तो इतका यशस्वी झाला की आज आम्ही दिवसभर हेच करतो. गूगलनं 2015 मध्ये खुलं केलेलं जीआरपीसी त्याच घराण्यातलं.

पण या सोपेपणात एक फसगत आहे. आपल्याच यंत्राच्या मेमरीतून एखादी गोष्ट काढायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात. दूरच्या सेवेला विचारून उत्तर मिळवायला सहज 200 मिलिसेकंद जातात. म्हणजे 20 लाख पट. घरातल्या फडताळातून डबा काढायला एक सेकंद लागत असेल, तर शेजारच्या गावाहून तो मागवायला 23 दिवस. लिहिताना मात्र दोन्हींची ओळ सारखीच दिसते. शिवाय घरचं फडताळ कधी "नेटवर्क नाही" म्हणत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइश यांनी दूरदूरच्या यंत्रांबद्दल अभियंते कोणत्या खोट्या समजुती बाळगतात याची एक यादी 1990 च्या दशकात केली. तिच्यातली पहिलीच समजूत अशी, की नेटवर्क भरवशाचं असतं. आमच्याकडं ही समजूत शाळकरी पोराचीही नाही. टॉवरची लाईट गेली की काय होतं हे त्याला माहीत असतं.

आता या दोघांची गाठ घालू. चारठाणा हे महसूल मंडळही आहे. 2017 पासून राज्यात महावेध प्रकल्पाखाली मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांहून जास्त. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी तिथून आपोआप निघतात. एखाद्या मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात, आणि मग पंचनामे, मदत, विमा असं सगळं तिच्याशी बांधलेलं असतं. म्हणजे या नोंदींच्या ओढ्यात आमच्या सोयाबीनचं आणि कापसाचं वर्ष वाहत असतं.

समजा, हा ओढा वाचणारा एक प्रोग्राम आपण लिहिला. 2,000 केंद्रं, दर 10 मिनिटांनी एक नोंद. दिवसाच्या झाल्या 2,88,000, म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन. प्रत्येक नोंद आली की प्रोग्राम एका दूरच्या सेवेला विचारतो, "हे केंद्र कोणत्या मंडळाचं? तिथं पेरा कशाचा?" एका हाकेला 200 मिलिसेकंद धरले, तर एकामागून एक सेकंदाला पाच हाका होतात. साडेतीनला पाच. पुरलं, असं वाटतं. आणि कागदावर पुरतंही.

मग भर पावसात एका भागाचा संपर्क दोन तास तुटतो. तुटलेल्या केंद्रांच्या नोंदी साठतात आणि संपर्क जुळला की एकदम येऊन आदळतात. त्याच वेळी ती दूरची सेवाही दमलेली असते, कारण पाऊस पडला की सगळेच तिला विचारतात. 200 मिलिसेकंदांचे 800 होतात. आता सेकंदाला सव्वा हाक. ओढा तुंबला. आणि तो तुंबला नेमका त्या रात्री, ज्या रात्रीसाठी ही सगळी यंत्रणा उभी केली होती.

अशा यंत्रणेला एका वेळी किती हाका हवेत ठेवाव्या लागतील, याचं गणित सोपं आहे. सेकंदाला येणाऱ्या नोंदी गुणिले एका हाकेला लागणारे सेकंद. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकानं 1961 मध्ये हा नियम सिद्ध केला. रेशनच्या रांगेला लागतो तोच नियम इथंही लागतो. यूपीआयवर तो लावून बघा. ऑगस्ट 2025 मध्ये देशात यूपीआयचे 2,000 कोटींहून थोडे जास्त व्यवहार झाले. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे 7,500. प्रत्येक व्यवहारासाठी 200 मिलिसेकंदांची एकच हाक धरली तरी कोणत्याही क्षणी 1,500 हाका उत्तराची वाट बघत हवेत असणार. एक हाक मारून तोंडाकडं बघत बसणारी यंत्रणा इथं एक सेकंदही टिकणार नाही.

म्हणून पहिली युक्ती: हाक मारायची आणि पुढच्या नोंदीकडं वळायचं. उत्तर आलं की मागचं काम उचलायचं. फ्लिंक या प्रवाह-यंत्रणेत ही सोय 2017 च्या सुमारास आली, आणि तिच्यात अलिबाबाच्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. तिथं एक निवड आपल्याला करावी लागते. उत्तरं येतील तशी पुढं सोडायची, की नोंदी ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं? क्रम सोडला तर वेग मिळतो. पण एकाच खात्यात आधी जमा आणि मग खर्च अशा दोन ओळी असतील आणि खर्चाची पुढं गेली, तर शिल्लक नसताना पैसे काढल्यासारखं दिसेल. माझा स्वतःचा नियम असा, की एका खात्यापुरता, एका केंद्रापुरता क्रम पाळायचा. बाकीच्यांना एकमेकांसाठी अडवायचं नाही. दोन्ही टोकं गाठणारे लोक नंतर रात्री जागतात.

यूपीआय बांधणाऱ्यांनी हे पहिल्यापासून ओळखलं होतं. मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, ते एप्रिल 2016 मध्ये आणलं. त्यातल्या संदेशांची रचना बघण्यासारखी आहे. पैसे देण्याची विनंती गेली की समोरून लगेच फक्त पोच येते, "मिळालं" एवढीच. खरं उत्तर नंतर, वेगळ्या संदेशानं. मधे एनपीसीआय घेणाऱ्याचा पत्ता विचारते, देणाऱ्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते, घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगते. प्रत्येक ठिकाणी आधी पोच, मग उत्तर. कुणीही कुणाचा हात धरून उभं राहत नाही. मामांच्या दुकानातून निघालेले 340 रुपये एवढ्या उंबऱ्यांवरून जातात, आणि बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत डब्बा बोलतोही. मला याचं अजून नवल वाटतं.

पण उत्तर आलंच नाही तर? इथं सगळ्यात अवघड जागा येते. उत्तर नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. विनंती वाटेत हरवली असेल, किंवा काम होऊन उत्तर वाटेत हरवलं असेल. हाक मारणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. "पैसे कटले पण आले नाहीत" या वाक्यात हाच अंधार आहे. तो कोणत्याही तंत्रानं पूर्ण जात नाही, आणि तो जातो असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मग सुचणारा उपाय म्हणजे पुन्हा विचारणं. इथून पुढचं आमच्या भागातल्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रात्रीची थ्री फेज लाईट येते तेव्हा माणूस झोपलेला असतो, म्हणून मोटारीला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस मोटारी, वीसही ऑटोवर. लाईट येते, वीस मोटारी एका झटक्यात उठतात, सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि डीपीचा फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. महावितरण ऑटो काढा म्हणून सांगतं ते यासाठी. प्रत्येक शेतकऱ्याचं आपल्यापुरतं बरोबरच असतं. पाणी तर द्यायचंच आहे. वीस जणांचं बरोबर एकत्र आलं की डीपी जाते.

12 एप्रिल 2025 ला यूपीआयचं असंच झालं. त्या दिवशी देशभर व्यवहार अडकले. त्याआधीच्या काही दिवसांतही अडचण आली होती. एनपीसीआयनं नंतर कारण शोधलं तेव्हा बोट गेलं ते "व्यवहाराचं काय झालं" असं विचारणाऱ्या संदेशांकडं. काही बँकांकडून या विचारण्यांचा लोंढा येत होता, आणि त्यात जुन्या व्यवहारांबद्दलच्या हाकाही होत्या. व्यवहार अडकला म्हणून विचारणा वाढल्या, विचारणा वाढल्या म्हणून यंत्रणा मंदावली, ती मंदावली म्हणून आणखी व्यवहार अडकले. वीस मोटारींची गोष्ट, देशाच्या मापाची. यंत्रणा एकावर एक असतात तेव्हा हे गुणाकारानं वाढतं. वरच्या थरानं तीनदा विचारलं, त्या प्रत्येकासाठी मधल्यानं तीनदा, त्या प्रत्येकासाठी खालच्यानं तीनदा, की तळाच्या बिचाऱ्या सेवेवर एका प्रश्नाच्या 27 हाका.

त्यानंतर नियम आले. 16 जून 2025 पासून उत्तरांच्या मुदती कमी केल्या: पैसे देण्या-घेण्याच्या संदेशांना 30 ऐवजी 15 सेकंद, स्थिती विचारण्याला 30 ऐवजी 10. ऑगस्टपासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची, दोन विचारण्यांत 90 सेकंदांचं अंतर. खात्यातली शिल्लक एका ॲपवरून दिवसाला 50 वेळाच बघायची. लोकांनी यावर कुरकूर केली. मला मात्र हे नियम वाचून बरं वाटलं, कारण हा हाकेचा शिष्टाचार आहे आणि तो प्रवाह जोडणाऱ्या प्रत्येकानं पाळायला हवा. थांबायची मुदत ठरलेली हवी. पुन्हा विचारायचं तर आधीपेक्षा जास्त थांबून, आणि प्रत्येकानं थोड्या वेगळ्या वेळी, म्हणजे सगळ्या मोटारी एकदम उठणार नाहीत. समोरची सेवा सारखी पडतेय असं दिसलं तर काही काळ हाका मारणंच बंद करायचं आणि मग एकच हाक मारून अंदाज घ्यायचा. या शेवटच्या युक्तीला सर्किट ब्रेकर म्हणतात. मायकल नायगार्ड यांच्या 2007 मधल्या 'रिलीज इट!' या पुस्तकानं तिला प्रोग्रामरांच्या तोंडी बसवलं.

आणि हाकेला नंबर हवा. खताच्या दुकानात पावती हरवली म्हणून तुम्ही परत गेलात, तर दुकानदार नंबर बघतो आणि तीच पावती पुन्हा देतो. दुसरी पिशवी देत नाही. तसं "जमा कर" ही विनंती दुसऱ्यांदा गेली तरी तिच्यावर व्यवहाराचा तोच नंबर असला की समोरच्या बँकेनं ओळखायचं, हे झालंय, आणि जुनंच उत्तर द्यायचं. काफ्कानं 2017 मध्ये "प्रत्येक ओळीचा परिणाम नेमका एकदाच" अशी हमी आणली, ती मोलाची आहे. पण ती काफ्काच्या वहीपुरती. वहीबाहेर मारलेली हाक त्या हमीत येत नाही. प्रोग्राम मधेच पडला आणि शेवटच्या शंभर ओळी पुन्हा वाचायला लागला, तर त्या शंभर हाका पुन्हा जातील. त्यात एसएमएस पाठवण्याची हाक असेल तर शंभर माणसांना तोच एसएमएस पुन्हा. बँकेचा असला तर माणूस घाबरतो. एका कामात आमच्याकडून हे झालेलं आहे, आणि त्या रात्री आलेले फोन मी विसरलेलो नाही.

पुन्हा वाचण्यात आणखी एक खोच आहे, वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो. 8.20 ची नोंद नेटवर्कमुळं 8.50 ला पोचली, तरी ती कालच्या दिवसाची. तिच्याशिवाय कालचा पाऊस 62 मिलिमीटर आणि तिच्यासकट 66 होत असेल, तर तिची वाट थोडी बघायलाच हवी. प्रवाहाच्या चांगल्या यंत्रणा हे जाणतात. घडल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ त्या वेगळी ठेवतात. हाक मात्र नेहमी आत्ताचं सांगते. मागच्या जुलैतल्या नोंदी आज पुन्हा वाचल्या आणि दूरच्या सेवेला पेरा विचारला, तर ती आजचा पेरा सांगणार. जुलैतल्या सोयाबीनच्या पावसाला हरभऱ्याचं उत्तर. आकडे चुकतात आणि चुकल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मला पडलेल्या यंत्रणेपेक्षा अशा चुकलेल्या उत्तराची जास्त धास्ती वाटते.

यामुळं मला अनुभवाअंती असं वाटू लागलंय, की प्रवाहाला हाक जोडण्याआधी ती हाक टाळता येते का ते बघावं. कोणतं केंद्र कोणत्या मंडळाचं, हे रोज बदलत नाही. त्याची एक प्रत प्रोग्रामनं स्वतःजवळ ठेवावी. आणि बदल झाला, नवं मंडळ निघालं, केंद्र हललं, तर तो बदलच एक ओळ होऊन प्रवाहातून यावा, त्याच्या तारखेसकट. मग प्रोग्रामला कुणाला विचारावं लागत नाही. त्याला सांगितलं जातं. जुलैच्या नोंदी वाचताना तारखेप्रमाणं जुलैचाच पेरा मिळतो, आणि रात्री दूरची सेवा बंद पडली तरी आपला ओढा वाहता राहतो. हाक राखून ठेवावी ती जिथं उत्तर खरोखर त्या क्षणाचं आणि दुसऱ्याच्याच हातातलं आहे तिथं. खात्यात पैसे आहेत का, हे बँकेलाच विचारायला हवं. त्याची प्रत आपल्याकडं ठेवून चालणार नाही.

एवढं करूनही काही हाकांची उत्तरं येत नाहीत. त्या ओळींसाठी सगळा ओढा अडवायचा नाही, आणि त्या टाकूनही द्यायच्या नाहीत. त्या वेगळ्या वहीत काढायच्या, नंबरासकट, आणि निवांत वेळी एकेक निस्तरायची.

त्या दिवशी दुपारी डब्बा पुन्हा गप्प झाला. या वेळी एक म्हातारी बाई होती, सोबत नातू. मोबाईल नातवाचा. 120 रुपये. मामांनी अर्धं मिनिट वाट बघितली, मग गल्ल्याखालून एक पातळ वही काढली. पोराला म्हणाले, "तो लांबडा नंबर असतो बघ, त्याचे शेवटचे चार आकडे सांग." पोरानं सांगितले. मामांनी नाव, 120 आणि ते चार आकडे लिहिले. "जा आजी, घेऊन जा सामान. आले तर आले, नाही आले तर सांगतो पोराला." आजी गेल्या, आणि मागचा माणूस पुढं झाला.

ही वही कधीपासून ठेवता, असं मी विचारलं. "डब्बा आला तवापासून," मामा म्हणाले. सकाळी का नाही काढली मग? तर सकाळचा माणूस परगावचा होता, त्याचं नाव मामांना माहीत नव्हतं.

रात्री दुकान बंद करताना त्यांनी वही उघडली. सात ओळी होत्या. मोबाईलमध्ये दिवसभराचे जमा बघत त्यांनी एकेक नंबर लावला आणि सहा ओळींवर रेघ ओढली. सातवी आजींची होती. तिच्यावर रेघ ओढली नाही, खोडलीही नाही. पान दुमडून वही गल्ल्याखाली ठेवली आणि शटर ओढलं.